पत वाढते ती गाठीभेटीत

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती १९१७ साली उभारलेली दुमजली वर्तुळाकार वास्तू आणि रस्त्यांच्या दुतर्फा सराफीपासून मिरची-गुळापर्यंतची दुकाने. ही आखणी करणाऱ्या नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी व्यापाराविषयीचे आपले मत जणू नकाशातच नोंदवून ठेवले आहे. कोणत्याही वाटेने आलेला माणूस अखेर इतरांच्या समोर यावा, हे ते मत. आज त्याच लातुरात अडत दुकानाची गादी सांभाळणारी तरुण पिढी दिवसाकाठी जेवढी माणसे पाहते, त्याहून अधिक ई-मेल पाहते. नांदेडच्या वजिराबादेतही निराळे चित्र नाही. या बदलाचे स्वागत कुठवर करावे आणि तो कुठे रोखावा, याचा विचार व्यापारी कुटुंबांनी करण्याची वेळ आली आहे.

ई-मेलला नावे ठेवण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सर्वांसाठी खुली केली, तेव्हापासून लहान गावातील व्यापाऱ्याला दूरच्या ग्राहकाशी पत्रव्यवहार करणे कमालीचे सोपे झाले. दर, वजन, गाडीचा क्रमांक, पोहोच या गोष्टी लेखीच असाव्यात. अशा लेखनाला कायद्याचेही पाठबळ आहे. ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ई-मेलच्या देवाणघेवाणीतूनही बंधनकारक करार होऊ शकतो, असा निर्वाळा दिला.

परंतु करार होणे निराळे आणि संबंध टिकणे निराळे. सोयाबीनचेच उदाहरण घ्या. हमीभावाच्या खरेदीत आर्द्रतेची मर्यादा सामान्यतः १२ टक्के असते आणि खासगी व्यवहारातही ‘हवा’ किती यावरच अर्धे वाद होतात. लातुरातून भरलेली गाडी तेलगिरणीच्या दारात पोहोचते, तिथले यंत्र चौदाचा आकडा दाखवते आणि गिरणीतून मजकूर येतो : ‘माल प्रतीप्रमाणे नाही, कपात केली जाईल.’ लिहिणारा कारकून असतो. त्याने नेहमीचे वाक्य टंकले, एवढेच. वाचणाऱ्या अडत्याला मात्र त्यात आपल्या सचोटीवर ठेवलेला ठपका दिसतो. तो त्याहून कडक भाषेत उत्तर धाडतो आणि त्याची प्रत चार जणांना जोडतो. आता माघार घेतली तर चौघांदेखत कमीपणा! दोन टक्क्यांच्या हवेपायी वीस वर्षांचे जाणे-येणे थांबते. हाच वांधा गिरणीच्या आवारात, मूठभर दाणे तळहातावर घेऊन चहाच्या एका कपात मिटला असता.

हे केवळ जुन्या माणसांचे हळवेपण नव्हे. अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग बोलका आहे. उपरोधिक आणि सरळ अर्थाची वाक्ये काहींनी ई-मेलने पाठवली. ७८ टक्के वेळा आपला सूर ओळखला जाईल, असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ओळखला गेला ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणे उडवून मिळणाऱ्या कौलाहून थोडा बरा. तीच वाक्ये आवाजात ऐकवल्यावर मात्र अंदाज बराचसा खरा ठरला.

मराठवाड्याच्या बाजारात तर प्रश्न याहून खोल आहे, कारण येथील व्यापार उधारीवर चालतो. पेरणीआधी शेतकरी अडत्याकडून उचल घेतो. त्याला कित्येकदा तारण नसते. असते ती ओळख. आपल्या भाषेत उधारीची ऐपत आणि माणसाची अब्रू या दोहोंना ‘पत’ हा एकच शब्द आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी कोणाला मुदत वाढवून द्यायची आणि कोण उगाच टाळाटाळ करतो आहे, हे कोणत्या तक्त्यात कळणार? ते बांधावर जाऊन, घरची परिस्थिती पाहूनच कळते. थकबाकीची एकसारखी सूचना शंभर जणांना एका कळीसरशी धाडणाऱ्या तरुणाला वाटते की वसुलीचे काम झाले. त्या शंभरांतील प्रामाणिक माणूस अपमानित होतो आणि लबाड निर्धास्त होतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. समोरासमोरच्या व्यवहारात फसवणूक नव्हती का? होती. जनावरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून दलाल भाव ठरवीत आणि शेजारी उभ्या असलेल्या मालकाला आकडा कळत नसे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाची मार्गशीर्षातील यात्रा असो की उदगीरजवळच्या हाळी-हंडरगुळीचा बाजार, लाल कंधारी किंवा देवणी बैल निरखून घेणाऱ्या शेतकऱ्याला बैलाचे दात दिसत, सौदा दिसत नसे. बाजार समित्यांच्या कायद्याने उघड लिलावाचा आग्रह धरला तो यासाठीच. लातूरच्या आडतीत पोटलीतील नमुना समोर ठेवून बोली लागते, तेव्हा निघालेला भाव सर्वांच्या कानी पडतो. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय कृषी बाजार, अर्थात ई-नाम, हाच उघडेपणा पडद्यावर आणू पाहतो. तेव्हा भाव पडद्यावर खुशाल असावा. तो जितक्यांना दिसेल तितके बरे. मात्र वांधा, मुदत आणि नकार या तीन गोष्टी पडद्यावर सोडू नयेत.

आणखी एक व्यावहारिक बाब. ओळखीच्या पेढीच्या नावाने बनावट ई-मेल येतो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे सांगतो आणि रक्कम भलत्याच खात्यात जाते. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एकाच वर्षात अशा व्यापारी फसवणुकीच्या २.९ अब्ज डॉलर हानीच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. ज्याने पलीकडच्या माणसासोबत कधी पंगतीला बसून जेवण केले आहे, तो पैसे सोडण्यापूर्वी सहज फोन उचलतो. ज्याला केवळ पत्ता ठाऊक आहे, तो संकोच करतो.

दिवाळी पाडव्याला वहीपूजन करणाऱ्या घरांतून एवढे तरी सहज घडावे : गादीवर नव्याने बसणाऱ्या मुलाला अथवा मुलीला पहिल्या वर्षी वडिलांनी सोबत घेऊन गिरण्यांच्या दारांत आणि शेतकऱ्यांच्या ओसरीवर न्यावे. देणे थकणार असेल, तर मुदत संपण्याआधी स्वतः जाऊन सांगावे. झालेले बोलणे मात्र त्याच सायंकाळी चार ओळींत लिहून ई-मेलने पाठवावे, म्हणजे पुढे आठवणींचा वाद उरणार नाही.