प्रवासवर्णन की खोलीवर्णन?

मराठी मासिकांच्या पर्यटनविशेषांकांत अलीकडे एक नवा वाङ्मयप्रकार बोकाळला आहे. त्यास प्रवासवर्णन म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्याचे यथार्थ नाव खोलीवर्णन असे आहे. लेखक ग्रीस देशातील एखाद्या बेटावर चार रात्री काढतो आणि परत येऊन दहा पृष्ठे लिहितो. त्या दहा पृष्ठांत चुन्याने शुभ्र केलेल्या भिंती असतात, खोलीस लागून असलेला खासगी पोहण्याचा हौद असतो, उशांचे चार प्रकार असतात, न्याहारीच्या तबकातील अंजीर, मध आणि दही असते, आणि शेवटी गच्चीवरून पाहिलेला सूर्यास्त असतो. नसतो तो फक्त माणूस. चादर बदलणारी बाई कोठून आली, हौदातील गोडे पाणी त्या कोरड्या बेटावर कसे आले, ती खोली पूर्वी कोणाचे घर होती, यांपैकी एकही प्रश्न लेखकास पडत नाही. असला मजकूर सुशिक्षित मराठी कुटुंबांत आवडीने वाचला जातो आणि तो वाचून पुढील सुटीचे बेत ठरतात. म्हणून त्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. सुखाविषयी आमची तक्रार नाही. जन्मभर कचेरीत मान मोडून काम केलेल्या गृहस्थाने पत्नीसह समुद्रकाठी चार दिवस मऊ गादीवर झोप घेतली, तर त्याचा आम्हांस मत्सर वाटत नाही. त्याने धर्मशाळेच्या फरशीवरच पथारी पसरावी असा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि इच्छाही नाही. आमचा वाद त्या सुखास जे नाव दिले जाते त्याच्याशी आहे. जाहिरात सांगते की हे नेहमीचे हॉटेल नव्हे, हे 'बुटीक' हॉटेल. येथे तुम्ही गिऱ्हाईक नसून घरचे पाहुणे आहात. येथे तुम्हांस बेटावरील खरेखुरे जीवन अनुभवावयास मिळेल. हे विधान खोटे आहे. ते खोटे आपण पैसे देऊन विकत घेतो आणि त्यात पदरचे शब्द घालून पुढे विकतो. 'बुटीक' या फ्रेंच शब्दाचा अर्थ दुकान. त्याचे मूळ ग्रीक भाषेतच सापडते आणि तेथे त्याचा अर्थ कोठार असा होतो. दुकानास दुकान म्हणण्यात कसलीच लाज नाही. दुकानास घर म्हणणे ही मात्र लबाडी होय.

सँटोरिनी या बेटाचेच उदाहरण घ्यावे. तेथील कड्यात कोरलेली जी गुहागृहे आज रात्रीच्या हिशेबाने भाड्याने मिळतात, ती मूळची गरिबांची घरे. गलबतांचे मालक व तांडेल कड्याच्या माथ्यावर ऐसपैस वाड्यांत राहत, आणि खलाशी व मजूर कड्याच्या पोटात ज्वालामुखीची मऊ माती कोरून निवारा करीत. बांधकामास लाकूड नाही, जमीन नाही, म्हणून ही युक्ती. पावसाचे थोडेसे पाणी छपरांवरून टाक्यांत उतरवून ते वर्षभर पुरवीत. ९ जुलै १९५६ रोजी मोठा भूकंप झाला, घरे कोसळली आणि अनेक कुटुंबे बेट सोडून गेली. पुढे १९७० नंतरच्या दशकात ग्रीक सरकारच्या पर्यटन खात्याने इया गावातील अशी पडकी घरे दुरुस्त करून ती पाहुण्यांस राहावयास देण्याचा उपक्रम केला. हेतू चांगला होता. ओसाड गाव पुन्हा उभे राहावे हाच तो हेतू. त्यातून पुढे जे उगवले ते आज आपण पाहतो. २०२१ च्या शिरगणतीत जेमतेम साडेपंधरा हजार वस्तीचे हे बेट, आणि वर्षास तेथे उतरणाऱ्यांची संख्या मोजावयाची ती लाखांत. शाळेत नेमणूक झालेल्या शिक्षकास आणि दवाखान्यातील डॉक्टरास परवडेल अशी खोली मिळत नाही, कारण तीच खोली पाहुण्यास दिली तर एका रात्रीत अधिक मिळते. २०२३ च्या उन्हाळ्यात शेजारच्या पॅरोस बेटावरील रहिवासी आपापले पंचे घेऊन किनाऱ्यावर जमले. भाड्याच्या खुर्च्यांनी व्यापलेल्या वाळूत आम्हांस पंचा अंथरण्यापुरती तरी जागा ठेवा, एवढेच त्यांचे मागणे होते. ज्याच्या गावचा समुद्र त्यानेच पंच्याएवढ्या जागेसाठी मोर्चा काढावा, यापरते दुसरे दुर्दैव कोणते? आमच्या खोलीवर्णनकारांस तो पंचा दिसला नाही. त्यांस हॉटेलातील पंच्यांचा मऊपणा तेवढा आठवतो.

गंमत अशी की, पाहुणा म्हणजे काय हे ग्रीक लोकांनी जगास फार पूर्वी सांगून ठेविले आहे. त्यांच्या प्राचीन भाषेत परका आणि पाहुणा या दोहोंस एकच शब्द होता. होमरच्या 'ओडिसी'त वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात आपल्या बेटावर परतलेल्या राजास पहिला आसरा देतो तो डुकरे राखणारा युमेअस. त्याच्यापाशी देण्यासारखे फार थोडे आहे; तरी तो नाव-गाव विचारण्याआधी जेवू घालतो, आणि थंडी पडल्यावर पांघरावयास स्वतःची घोंगडी देतो. त्याच काव्यात दुसऱ्या प्रकारचेही पाहुणे आहेत. राणीस मागणी घालावयास आलेले एकशेआठ राजपुत्र राजवाड्यात ठाण मांडून बसतात, यजमानाची गुरे कापून खातात, त्याचा मद्यसाठा रिकामा करतात आणि दारी आलेल्या भिकाऱ्यास लाथाडतात. तेही स्वतःस पाहुणेच म्हणवितात. बेटावर जाणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न मनास विचारावा: आपण युमेअसच्या झोपडीत चाललो आहोत की राजवाड्यातील त्या पंगतीत?

आपल्या वाङ्मयासही हा प्रश्न नवा नाही. आमच्याच जिल्ह्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे दक्षिणेच्या आशेने निघाले, बंडाच्या वणव्यात सापडले आणि परत आल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी 'माझा प्रवास' लिहिला. तो १९०७ साली भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी छापविला. त्या पुस्तकात मुक्काम पुष्कळ आहेत, परंतु एकही मुक्काम माणसावाचून नाही. कोणी आश्रय दिला, कोणी लुटले, कोणी पाणी पाजले, याची नोंद आहे, म्हणूनच शतक उलटून गेल्यावरही ते पुस्तक जिवंत आहे. भटजींना मऊ उशी मिळाली असती तर ते पुस्तक बिघडले असते असे आम्ही म्हणत नाही. उशीवरच दहा पाने खर्ची घातली असती तर मात्र ते खात्रीने मेले असते. ग्रीस देशही मराठी वाचकास अपरिचित नाही. मीना प्रभूंचे 'ग्रीकांजली' घरोघरी वाचले गेले आहे. तेव्हा प्रवासवर्णन म्हणजे काय हे आम्हांस ठाऊक नव्हते, अशी सबब कोणास सांगता यावयाची नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते तीन मुद्दे मांडतात. पहिला असा की, अशा हॉटेलांमुळे जुनी घरे वाचतात, नाही तर ती ढासळून गेली असती. हे काही अंशी खरे आहे आणि आम्ही ते मोकळ्या मनाने कबूल करतो. परंतु भिंत वाचली आणि घर गेले, असेही होऊ शकते. ज्या चुलीपुढे कोणी स्वयंपाक करीत नाही, ती चूल शोभेची वस्तू होय. दुसरा मुद्दा रोजगाराचा. रोजगार मिळतो हे खरेच. परंतु जो आपल्या घराचा मालक होता त्यास त्याच घरात पेले विसळावयाची नोकरी लागली, तर तिला उत्कर्ष म्हणावयाचे की अधोगती, हे त्या माणसासच विचारले पाहिजे, आणि खोलीवर्णनकार तेवढे एकच करीत नाही. तिसरा मुद्दा असा की, हे सर्व सात समुद्रांपलीकडचे. त्याची उठाठेव आपण कशास करावी? यास उत्तर देण्यासाठी सात समुद्र ओलांडण्याचे कारण नाही.

गोव्याच्या उत्तर टोकास तेरेखोलचा किल्ला आहे. सावंतवाडीच्या सावंतांनी तो उभारिला आणि १७४६ साली तो पोर्तुगिजांनी घेतला. गोवामुक्तीच्या लढ्यात सत्याग्रहींनी १५ ऑगस्ट १९५४ रोजी तेथे तिरंगा चढविला. पुढील वर्षीच्या सत्याग्रहात पनवेलचे हिरवे गुरुजी याच तेरेखोलास पोर्तुगीज गोळ्यांस बळी पडले. त्यांचे नाव पनवेलकरांच्या जिभेवर आजही आहे. त्याच किल्ल्यात पुढे हॉटेल चालविण्यात आले. नदीचा देखावा, समुद्राचा वारा आणि मोजक्याच खोल्या, म्हणजे बुटीकपणास लागणारी सर्व सामग्री तेथे सिद्ध होती. सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्र शासन पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी दीर्घ मुदतीने देणार अशी वार्ता पसरली, तेव्हा सारा महाराष्ट्र खवळला आणि छत्रपतींशी निगडित किल्ल्यांस हात लावला जाणार नाही असा खुलासा शासनास करावा लागला. तो संताप योग्यच होता. परंतु किल्ल्याचे हॉटेल झाले की ज्यास संताप येतो, त्यास खलाशाच्या घराचे हॉटेल झालेले पाहून मात्र काव्य सुचावे, ही विसंगती आम्हांस समजत नाही. राजाची वास्तू तेवढी पवित्र आणि गरिबाचे घर विकाऊ, असा काही शास्त्रार्थ आहे काय?

आणि आता आमच्या दाराशी येऊ. पनवेल तालुक्यातील गव्हाण आणि त्याच्या आसपासची न्हावे, शेलघर, उलवे ही आगरी, कोळी व कराडी लोकांची गावे. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासळी यांवर ती पिढ्यान् पिढ्या जगली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी पंच्याण्णव गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. न्हावाशेवा बंदराच्या वेळी, जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणास मुकले. त्यांच्या रक्ताची किंमत म्हणून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पदरात पडले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून न्हावाशेव्यास येणारा जवळजवळ बावीस किलोमीटरांचा सागरी पूल खुला झाला. उलव्याची टेकडी कापून, नदी वळवून आणि दहा गावे उठवून बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरास तेथून विमाने उडू लागली. समोर खाडीत घारापुरीचे बेट आहे. तेथील लेणी १९८७ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली, आणि त्या लेण्यांच्या सावलीत राहणाऱ्या तीन पाड्यांत समुद्राखालच्या तारेने वीज आली ती २०१८ साली! वारसा आधी आणि दिवा तीस वर्षांनी मागाहून, हा क्रमच पुष्कळ काही सांगून जातो.

विमानतळ आला म्हणजे हॉटेले येणारच. ती येऊ नयेत असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. आमची भीती निराळी आहे. आज नाही तर उद्या या काठावर एखादे विलासगृह उभे राहील. त्यात चिंबोऱ्यांचे कालवण कोळ्याच्या हातचे म्हणून वाढले जाईल, पोपटीचे मडके गच्चीवर लावून 'अस्सल आगरी रात्र' म्हणून तिकीट आकारले जाईल, आणि ज्या बांधावरून खाडीत उतरण्याची वाट होती तेथे पहारेकरी उभा असेल. गव्हाण या शब्दाचा मराठीत अर्थ गुरांना वैरण घालण्याची जागा. परक्यांच्या गुरांनी पोटभर खावे आणि गोठ्यातील गुरांनी रिकाम्या गव्हाणीकडे पाहत राहावे, असे या गावाच्या वाट्यास येऊ नये, एवढीच आमची मागणी आहे. जमीन गेली त्यांस चाकरीबरोबर भागीदारीही मिळावी. खाडीवर जाण्याची वाट कोणाच्याही खासगी हद्दीत बंद होऊ नये. गावाच्या नळास पाणी पुरल्यावाचून हौदास पाणी देऊ नये. सँटोरिनी आणि मिकोनोस येथे उतरणाऱ्या जहाजी प्रवाशांवर ग्रीक सरकारने जुलै २०२५ पासून भर हंगामात माणशी वीस युरो कर बसविला. एवढे शहाणपण त्यांस बेटे भरून वाहू लागल्यावर सुचले. आपणांस ते आधी सुचावयास काय हरकत आहे?

शासन आपले काम करील अथवा करणार नाही. वाचक व लेखक यांचे काम मात्र कोणाच्या परवानगीवाचून होण्यासारखे आहे. बेटावर खुशाल जा, मऊ उशीवर झोपा, सूर्यास्तही पाहा. परंतु परत येऊन लिहावयास बसाल तेव्हा ज्याच्या घरात झोपलात तो आता कोठे राहतो, हे विचारून आलेले असा. विचारले नसेल तर कृपा करून लिहू नका. हॉटेलचे जाहिरातपत्रक आधीच छापलेले असते, आणि ते फुकट मिळते. संपादकांसही आमची विनंती आहे की, ज्या लेखात एकाही यजमानाचा पत्ता लागत नाही, तो प्रवासवर्णनाच्या सदरात न घालता जाहिरातींच्या पानांत घालावा आणि त्याचे रीतसर दरही आकारावेत.