छायेतले मंत्री

महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने ९ मार्च २०२० रोजी, आपल्या वर्धापनदिनी, नवी मुंबईत प्रतिरूप मंत्रिमंडळ जाहीर केले, तेव्हा त्याची पुष्कळ थट्टा झाली. विधानसभेत आमदार एक, आणि खाती मात्र झाडून सारी! मला ती थट्टा पटली नाही. माझी तक्रार आहे ती निराळीच.

या कल्पनेचे माहेर विलायत. तेथे मजूर पक्षाने १९५५ साली विरोधी बाकांवरील एकेकाकडे एकेक खाते नेमून दिले. छायामंत्र्यांना पक्षाचे खासदार मते देऊन निवडीत. ती चाल २०११ पर्यंत टिकली. इकडे गृहखात्यावर बाळा नांदगावकर खरे, पण त्यांच्या जोडीला आणखीही मंडळी. खात्यात घोळ झाला तर जाब नेमका कोणी विचारायचा?

आमच्या हैदराबादेने हा सामना पाहिलेला आहे. १९५२ च्या विधानसभेत गृहमंत्री दिगंबरराव बिंदू, आणि समोर विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे. दोघेही मराठी! देशपांड्यांच्या पाठीशी चाळीसएक सभासद होते. गृहमंत्र्यांना उत्तर कोणाला द्यायचे ते समोर दिसत होते.

मनसेजवळ ते बळ नव्हते, हे मान्य. पण त्यातच एक मोकळीक होती. खऱ्या मंत्र्याला सहा महिन्यांच्या आत विधिमंडळाचा सभासद व्हावे लागते. छायामंत्र्याला कसले बंधन? पाटबंधाऱ्यांवर एखादा निवृत्त इंजिनियर, शिक्षणावर तालुक्याच्या गावचा मास्तर असे का नेमू नये? नावे आली ती बहुतेक पक्षाच्या नेत्यांची व पदाधिकाऱ्यांचीच. पंधरवड्यात टाळेबंदी लागली, आणि प्रकरण मागे पडले.

मराठी भाषेच्या खात्यासाठी तर महाराष्ट्राबाहेरचे माणूस हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही येथेच राहिलो. १९०७ पासून विवेक वर्धिनी येथे उभी आहे; पण आमचे मत महाराष्ट्रात नाही, आणि जेथे मत नाही तेथे मंत्री कशाला डोकावतील? छायामंत्री तरी डोकावला असता.

२०२४ च्या निवडणुकीत मनसेचा तो एक आमदारही पडला. २८८ च्या सभागृहात कोणाही विरोधी पक्षाला २९ जागा मिळाल्या नाहीत: ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांचा पक्ष १०. तिघांनी एकत्र बसून खाती वाटावीत, खात्याला एकच नाव द्यावे, आणि मराठीचे खाते वाटताना एक कार्ड जामबागेसही टाकावे.