वीस नखांचे कासव

घरात कासव हवे, तर कशाला हवे ते आधी सांगा. लळा लागावा म्हणून फार थोडे नेतात. वीस नखांचे कासव मिळाले की पैशाचा पाऊस पडतो म्हणे! वाशिमला मी बँकेत वीस वर्षे कॅश मोजतो आहे. सोयाबीनच्या पट्टीतून आलेला पैसा पाहिला, घामाने भिजून आलेला पाहिला; आभाळातून पडलेला अजून काउंटरवर आला नाही. बरे, पाठीवर चांदण्या असलेल्या आपल्या कासवाच्या पुढच्या पायांना पाच-पाच नखे, मागच्यांना चार-चार. बेरीज अठरा! दोन नखांची तूट कॉमर्सच्या माणसाला कशी खपावी?

त्यातून १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने हा जीव वाघाच्या पंक्तीला बसला. घरात सापडला तर कैद किमान तीन वर्षे, कमाल सात. ही मुदतठेव मध्येच मोडता येत नाही, साहेब. आणि त्या बिचाऱ्याचे काय? माळावरचे गवत खाणारा प्राणी. त्याला काचेच्या डब्यात कोंडायचे आणि वर हळदकुंकू!

‘मग दुकानातले लाल कानाचे घेऊ,’ म्हणाल. ते अमेरिकेचे. बिस्किटाएवढे आणायचे, ताटाएवढे झाले की रात्री गुपचूप तळ्यात सोडायचे. तिथे ते देशी कासवांच्या तोंडचा घास काढते.

अगदीच राहवत नसेल तर महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव असते. नखे सावकाश मोजा. तेही कुठे पळून जात नाही.