गर्जनेची हौस आणि बचतीचा बळी

मोटारींच्या इंधनबचतीचे निकष अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने आले. १९७३ च्या तेलटंचाईचा तो धडा होता. हे निकष न पाळणाऱ्या उत्पादकाला दंड भरावा लागे. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने हा दंड शून्यावर आणला. निकष उरले, त्यांमागचा धाक गेला. आता बचत टिकायची, तर ती उत्पादकाच्या आणि ग्राहकाच्या विवेकावर. हा विवेक कितपत भरवशाचा आहे, हे पाहण्यासाठी एका छोट्या हौसेकडे वळणे उद्बोधक ठरेल. निम्मे सिलिंडर विसावा घेऊ शकतात अशा गाडीचा मूळचा सायलेन्सर काढून बाजारातील दुसरा बसविण्याची ही हौस होय.

सपाट रस्त्यावर संथपणे चालताना आठ सिलिंडरांच्या एंजिनाची सारी शक्ती लागत नाही. अशा वेळी काहींचे व्हॉल्व्ह बंद ठेवून इंधन वाचवावे, ही कल्पना जुनीच. १९८१ मध्ये कॅडिलॅकने ती अमलात आणली. परंतु त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाला तो भार पेलला नाही आणि बहुतेक मॉडेलांतून ती लवकरच मागे घ्यावी लागली. पुढे २००५ च्या सुमारास क्रायस्लर, जनरल मोटर्स व होंडा यांनी ती नव्या सामग्रीनिशी रुजविली.

अडचण आहे ती आवाजाची. आठ सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक एंजिनात दर फेऱ्याला चार स्फोट होतात. मिनिटाला १५०० फेरे असतील, तर सेकंदाला १०० स्फोट. निम्मे सिलिंडर थांबले की हेच ५० वर येतात आणि आवाज खर्जात उतरतो. खर्जाचा आवाज जिरविणे कठीण. बाजूला जोडलेल्या, टोक बंद असलेल्या नळीने तो शमवायचा म्हटले, तर तापलेल्या वायूत ती सुमारे अडीच मीटर लांब लागेल. म्हणूनच कारखान्यातला सायलेन्सर मोठा व गुंतागुंतीचा असतो. काही गाड्यांत नळीत झडपा असतात, तर काहींत स्पीकरमधून उलट कंपने सोडून घुमणारा आवाज मारला जातो. या शांततेवाचून बचत ग्राहकाच्या गळी उतरलीच नसती.

मोकळा सायलेन्सर बसविणारा नेमका हाच समतोल मोडतो. पूर्ण शक्तीवर गाडी गर्जते, मालक सुखावतो. पण महामार्गावर सिलिंडर विसावले की बंद काचांच्या आत तासन् तास घूं-घूं सुरू होते. मग उपाय शोधला जातो तो सायलेन्सर बदलण्याचा नव्हे, तर बचतच बंद करण्याचा. गाडीच्या तपासणी-जोडणीत एक छोटे उपकरण खोचले की आठही सिलिंडर सदैव राबतात.

कायदा येथे अपुरा पडतो. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे मान्य नाही. परंतु त्याच्यामागची नळी बदलली, तर त्याला हरकत घेण्याचे सहसा कारण नसते. गोंगाटाला कॅलिफोर्नियासारख्या राज्याने मोटारींसाठी ९५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती रस्त्यावरील गोंगाट मोजते. हौसेपायी जळालेले पेट्रोल कोणी मोजत नाही. गाडी ज्याची, मर्जी त्याची, असे यावर म्हटले जाईल. पण तेल आणि हवा कोणा एकाच्या मालकीची नाहीत.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवागेन टायगुन व व्हर्टस यांच्या दीड लिटरच्या एंजिनात चारांपैकी दोन सिलिंडर असेच विसावतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांना मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली. तरीही आपल्या शहरांत कारवाई दिसते ती मुख्यत्वे दुचाकींचे सायलेन्सर रोलरखाली चिरडण्याची. हा देखावा ठीक. परंतु चिरडलेल्या नळीच्या जागी दुसरी विकणारे दुकान उघडेच राहते. गाडी पूर्ण शक्तीवर व निम्म्या सिलिंडरांवर, अशा दोन्ही अवस्थांत तपासलेलाच सायलेन्सर विकता यावा आणि त्याची जबाबदारी विक्रेत्याने घ्यावी, असा नियम करणे अवघड नाही. कारखान्यात कष्टाने मिळविलेली बचत गॅरेजच्या दारात उधळली जाऊ नये, एवढी अपेक्षा गैर ठरू नये.