छायाचित्र कोणाचें काढावें?

प्रवास हें शिक्षणाचें मोठें साधन आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु हल्लीं प्रवासास निघालेल्या कुटुंबाच्या हातीं कॅमेरा, निदान कॅमेऱ्याचा मोबाईल, असतोच. आणि त्याचा उपयोग कसा करावा याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही सहकुटुंब जपानांत कोबे शहरीं दोन वर्षें राहिलों. तेथें या छंदानें आम्हांस पुष्कळ आनंद दिला, आणि एक गोष्ट फार उशिरां शिकविली. तीच आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें मांडावयाची आहे.

जपानी भाषेंत छायाचित्रास ‘शाशिन’ म्हणतात. त्यांतील पहिल्या अक्षराचा अर्थ नक्कल, व दुसऱ्याचा सत्य. सत्याची नक्कल उतरावयाची, तर तें आधीं डोळे भरून पाहिलें पाहिजे. पण आमची रीत उलटी होती. नारा येथील उद्यानांत हरणें मोकळीं हिंडतात. आमची नऊ वर्षांची मुलगी एका हरणास हातानें बिस्कीट भरवीत होती, आणि आम्ही दुरून ‘इकडे पाहा, जरा हास,’ असें ओरडत होतों. तिनें मान वळविली, हरिण निघून गेलें, आणि चित्रांत उरला तो हिरमुसलेला चेहरा.

दुसरी गोष्ट परवानगीची. क्योतो शहराच्या गिओन भागांत गायन व नृत्य यांत निपुण अशा गेइको व माइको स्त्रियांची वस्ती आहे. कामावर निघालेल्या या स्त्रियांच्या मागें प्रवासी कॅमेरे घेऊन धांवूं लागले, तेव्हां २०१९ सालीं तेथील रहिवाशांना खाजगी गल्ल्यांत छायाचित्रणास मनाई करणाऱ्या पाट्या लावाव्या लागल्या. दंड दहा हजार येन. २०२४ च्या मे महिन्यांत फुजीकावागुचिको गांवानें तर, फुजी पर्वताच्या चित्रासाठीं रस्ता अडविणाऱ्या व कचरा टाकणाऱ्या प्रवाशांस कंटाळून, अडीच मीटर उंच व वीस मीटर लांब काळें जाळीदार कापड उभें केलें आणि कांहीं महिने तो देखावाच झांकून टाकला. ज्या गांवास आपला डोंगर झांकावा लागला, त्यास पाहुण्यांनीं किती छळलें असेल!

नागासाकीस आम्ही गेलों तें निशिझाका टेकडी पाहण्यासाठीं. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांस ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं याच टेकडीवर इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर देहदंड मिळाला. तेथून ओउरा येथील जुन्या प्रार्थनामंदिराकडे वळलों, तों दारांतच पाटी: आंत छायाचित्रें काढूं नयेत. आम्ही मनांत चडफडलों. एवढ्या दूर येऊन रित्या हातानें जावयाचें! कॅमेरा पिशवींत घातला आणि नाइलाजानें बांकावर बसलों. मग मुलांस सांगितलें कीं, छळापायीं अडीचशें वर्षें लपून राहिलेल्या ख्रिस्ती लोकांपैकीं कांहीं जणांनीं १७ मार्च १८६५ रोजीं येथेंच येऊन पाद्री पेतिजाँ यांस आपला विश्वास हळूच उघड केला. त्या अर्ध्या तासाचें एकही चित्र आमच्यापाशीं नाहीं. मुलांस मात्र नागासाकी म्हटलें कीं तेंच मंदिर आठवतें.

तर मग कॅमेरा घरींच ठेवावा काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. अणुबॉम्बच्या दुसऱ्या दिवशीं, १० ऑगस्ट १९४५ रोजीं, यामाहाता योसुके यांनीं त्याच नागासाकींत शंभराहून अधिक छायाचित्रें काढलीं नसतीं, तर तेथील लोकांनीं काय भोगलें हें जगास आज इतकें प्रत्यक्ष दिसलें नसतें. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनीं चिखलांतून निघालेलीं हजारों कौटुंबिक छायाचित्रें पाण्यानें धुऊन, वाळवून ज्यांचीं त्यांस परत केलीं. घरदार गमावलेलीं माणसें त्या डागाळलेल्या कागदांत डोंगर किंवा देवळें शोधीत नव्हतीं. तीं आपल्या माणसांचीं तोंडें शोधीत होतीं.

याचा अर्थ आम्हांस घरच्या दुःखानें कळला. आमच्या मातोश्री तीन आठवडे कोबेस येऊन राहिल्या होत्या. पुढच्याच वर्षीं त्या प्रभूमध्यें निद्रिस्त झाल्या. अंत्यविधीच्या वेळीं ठेवावयास चित्र हवें म्हणून आम्ही संग्रह चाळूं लागलों. चार हजारांहून अधिक चित्रें! लाल द्वारें, पूल, चेरीचा बहर, सारें होतें. मातोश्री कोठें पाठमोऱ्या, कोठें अर्ध्या कापलेल्या. कित्येक ठिकाणीं तर ‘आई, जरा बाजूस सर,’ असें आम्हींच म्हटल्याचें आठवलें. अखेरीस एक चित्र सांपडलें. स्टेशनावरील बांकावर बसून त्या नातीसाठीं संत्रें सोलीत आहेत. तें आमच्या मुलीनें काढलेलें होतें.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, येत्या सुटींत प्रवासास जाल तेव्हां आधीं पाहा. परक्याचें चित्र काढण्यापूर्वीं त्यास विचारा. आणि प्रेक्षणीय स्थळांपेक्षां बरोबरच्या माणसांचीं चित्रें अधिक काढा. फुजी पर्वताचें आपल्याहून उत्तम चित्र कोठेंही मिळेल. आपल्या आजीचें मिळणार नाहीं. आईबापांस आमची विनंती एवढीच, कीं त्यांतलीं निवडक दहाबारा चित्रें कागदावर छापून घ्यावीं, पाठीवर नांव, गांव व तारीख लिहावी, आणि मधूनमधून कॅमेरा मुलांच्या हातीं द्यावा.