करार कोणाच्या रक्षणार्थ?

दोन राज्यांचे मुत्सद्दी एकत्र बसून परस्परांच्या संरक्षणाविषयीं बोलणीं करूं लागले, म्हणजे वर्तमानपत्रांतून त्याचा मोठा गाजावाजा होतो. आपल्या देशाचीं अशीं बोलणीं आज अनेक राष्ट्रांशीं चालत असतात. दहशतवादाचा बीमोड, फरारी गुन्हेगारांचें हस्तांतर, पोलिसांचें शिक्षण, गुप्त माहितीची देवघेव, हे त्यांतील नेहमींचे विषय होत. मानवी हक्कांचा उल्लेखही कधीं कधीं असतो. परंतु तो पंगतीला उशिरां आलेल्या पाहुण्यासारखा! सर्वांचीं पानें वाढून झालीं, म्हणजे मग त्याची आठवण व्हावयाची. युरोपीय संघाशीं तर आपल्या सरकारचा मानवी हक्कांविषयींचा संवाद स्वतंत्रच चालतो. त्याची अकरावी बैठक जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस झाली. संवाद होतो हें चांगलेंच आहे. परंतु सुरक्षेचीं बोलणीं एका दालनांत आणि हक्कांचीं दुसऱ्या दालनांत, ही वांटणीच आम्हांस चुकीची वाटते. मानवी हक्क हें सुरक्षेच्या कराराचें शेवटचें कलम नव्हे, तर तो त्याचा पाया होय. ही गोष्ट शिकावयास परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आपला वारंगा फाटा ज्या मुलखांत आहे, त्याचाच इतिहास ती शिकविण्यास पुरेसा आहे.

प्रथम आपल्या हिंगोलीचें उदाहरण घ्या. इ. स. १९०३ पर्यंत हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. वरिष्ठ अंमलदार इंग्रज आणि खर्च निजामसरकारचा, अशी ती व्यवस्था. राज्यांत बंदोबस्त राहावा, हा तिचा उघड हेतु. पण खर्चाचे पैसे थकत गेले, कर्ज चढत गेलें, आणि १८५३ च्या तहानें त्या खर्चाच्या तजविजीसाठीं वऱ्हाडप्रांत इंग्रजांच्या हवालीं झाला. १९०२ सालीं सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यांत तो त्यांजकडे कायमच्या पट्ट्यानें राहिला. पैनगंगेच्या दोन तीरांवर एकच भाषा बोलणारे लोक दोन अंमलांखालीं नांदूं लागले. रुपये, पलटणी आणि परगणे यांचा हिशेब चोख झाला. परंतु ज्यांच्या गांवांचा बंदोबस्त व्हावयाचा, त्या कुळवाड्यांस कोणीं एक शब्द विचारला नाहीं.

पुढें १९४७ साल उजाडलें. देश स्वतंत्र झाला. परंतु निजामानें हिंदी संघराज्यांत सामील होण्याचें नाकारलें. महिनोन्महिने वाटाघाटी झाल्या. निजामाच्या बाजूस सर वॉल्टर मॉंक्टन यांच्यासारखे कायदेपंडित होते, तर दुसऱ्या बाजूस सरदार पटेल यांच्या खात्याचे चिटणीस व्ही. पी. मेनन होते. अखेर २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं एका वर्षाच्या मुदतीचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यांत असें ठरलें कीं, अंतर्गत सुव्यवस्था राखण्याच्या कामीं निजामाच्या मदतीस फौज पाठविण्याचें बंधन अथवा तसा अधिकार हिंदुस्थान सरकारास असणार नाहीं. परराष्ट्रव्यवहार, संरक्षण, दळणवळण या सर्वांची सोय लागली. मात्र रात्रीं दार ठोठावलें गेलें असतां खेड्यांतील माणसानें कोणाचा आश्रय शोधावा, या प्रश्नाची सोय कोणत्याच कलमानें लागली नाहीं.

मग त्या खेड्यांचा बंदोबस्त केला कोणीं? लातूरचे वकील कासीम रझवी यांच्या हाताखालील रझाकारांनीं तो आपल्या परीनें केला. लूट, जाळपोळ आणि खून यांनीं मराठवाडा त्रस्त झाला. ज्यांनीं राखावयाचें त्यांनींच डोळेझाक केली, आणि कुंपणच शेत खातें ही म्हण गांवोगांव खरी ठरली. कित्येक कुटुंबें घरदार सोडून सरहद्दीपार गेलीं. उमरखेडसारख्या ठिकाणीं स्वामी रामानंद तीर्थ यांच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते तळ देऊन लढ्याची तयारी करीत होते. हा झगडा हिंदु-मुसलमानांचा होता असें म्हणणें मात्र सत्यास धरून होणार नाहीं. रझाकारांविरुद्ध निर्भयपणें लिहिणारे ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत खून झाला. ते मुसलमानच होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौजा संस्थानांत शिरल्या, आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. त्या दिवशीं आपण दर वर्षीं मुक्तिदिन साजरा करतों, आणि तो करणें योग्यच आहे. जुलमाचें एक पर्व त्या दिवशीं संपलें. परंतु रणगाड्यांसह झालेल्या त्या मोहिमेला ‘पोलिस ॲक्शन’ हें सौम्य नांव मिळालें, आणि तिच्या पाठोपाठ जें घडलें तें त्या नांवाखालीं झांकलें गेलें. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना भारत सरकारनें चौकशीसाठीं पाठविलें. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत ते संस्थानांत हिंडले. त्यांच्या अंदाजानें या कारवाईच्या वेळीं व तिच्या नंतर निदान २७ ते ४० हजार माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत बहुतेक मुसलमान होते. अधिक हानि झालेल्या चार जिल्ह्यांत आपल्या शेजारच्या नांदेडचें नांव आहे. हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंसाठीं स्वतःचे प्राण धोक्यांत घातल्याची नोंदही त्या अहवालांत आहे, हें विसरतां कामा नये. तो अहवाल अनेक दशकें लोकांपुढें आला नाहीं. २०१३ च्या सुमारास तो दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयांत अभ्यासकांस पाहावयास मिळूं लागला.

येथें एक विलक्षण योगायोग सांगण्यासारखा आहे. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें १६ सप्टेंबर १९४८ रोजीं पॅरिस येथें निघाली. आणि त्याच पॅरिस शहरीं १० डिसेंबर रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें मानवी हक्कांचा सार्वत्रिक जाहीरनामा मंजूर केला. ४८ राष्ट्रें अनुकूल, ८ तटस्थ, विरुद्ध एकही नाहीं. त्याच्या पहिल्या कलमांत ‘पुरुष’ असाही अर्थ होणाऱ्या शब्दाऐवजीं ‘सर्व मानव’ या अर्थाचे शब्द यावेत, म्हणून आपल्या देशाच्या प्रतिनिधि हंसाबाई मेहता यांनीं आग्रह धरला व तो सफल झाला. तेथें हे शब्द मान्य होत होते, त्याच सुमारास येथें सुंदरलालजी व त्यांचे सोबती उद्ध्वस्त गांवांतून विधवांच्या जबान्या ऐकत होते. जाहीरनामा आणि जबानी यांतील अंतर कमी करणें, हेंच राज्यकारभाराचें खरें काम होय.

पवित्र शास्त्रांतील प्रेषितांच्या कृत्यांत एक प्रसंग आहे. यरुशलेमेंत पौलाला वाद्यांनीं बांधून फटके मारण्याची तयारी झाली, तेव्हां त्यानें शताधिपतीस विचारलें कीं, न्याय न होतां रोमी नागरिकास मारणें कायदेशीर आहे काय? तो प्रश्न ऐकतांच सरदारही भ्यायला आणि मारणारे मागें सरले. कायद्याचें सामर्थ्य तें हें. परंतु विचार करा: पौलाच्या जागीं रोमी नागरिकत्व नसलेला एखादा गुलाम असता, तर ते फटके थांबले असते काय? नागरिकाचा हक्क तो सर्व माणसांचा हक्क व्हावा, यासाठीं जगाला एकोणीस शतकें लागलीं.

कित्येकांचा आक्षेप असा असतो कीं, हक्कांच्या गोष्टी केल्यानें गुन्हेगारांचें फावतें व सुरक्षा ढिली पडते. या आक्षेपास अगदीं अलीकडचा अनुभवच उत्तर देतो. डिसेंबर १९९५ मध्यें पुरुलिया येथें विमानांतून शस्त्रें टाकण्यांत आलीं. त्या प्रकरणांतील एका डॅनिश आरोपीस भारताच्या स्वाधीन करावयास डेन्मार्कचें सरकार २०१० सालीं राजी झालें होतें. परंतु तेथील न्यायालयानें २०११ मध्यें नकार दिला. कारण येथें त्याचा छळ होण्याची भीति त्यास वाटली. २०२४ सालीं पुन्हां तसाच नकार मिळाला. ती भीति आपल्या राष्ट्राभिमानास बोंचते खरी. पण बोंचून काय उपयोग? छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानें १९९७ सालीं सही केली, ती अद्याप कायम होऊन बंधनकारक झालेली नाहीं. विधि आयोगानें २०१७ सालीं तशी शिफारस केली, कायद्याचा मसुदाही सादर केला. सही करून मोहोर न उमटविणाऱ्या माणसाशीं सावकारही जपूनच व्यवहार करतो! तात्पर्य, हक्कांनीं सुरक्षेचे हात बांधले जात नसून, हक्कांवांचून तिची पतच राहात नाहीं.

पोलिसांस दोष देणें सोपें आहे, आणि तें येथें योजिलेलें नाहीं. अपुरी माणसें, लांबलेले कामाचे तास आणि वरून येणारा दाब यांत साधा शिपाईही पिळून निघतो. २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पोलिसव्यवस्थेच्या सुधारणेसाठीं दिलेले आदेश त्याच्याही हिताचे होते. ज्यास स्वतःस न्याय मिळतो, तो दुसऱ्यास न्यायानें वागविण्यास अधिक सिद्ध असतो.

विद्यार्थिमित्रहो, मुत्सद्द्यांच्या बैठकींत आपणांस कोणी बोलावणार नाहीं. तथापि आपल्या हातीं कांहींच नाहीं असें मानूं नका. अटक केलेल्या मनुष्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आंत न्यायाधिकाऱ्यापुढें उभें केलें पाहिजे, हें आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमांत आहे. अटकेचा लेख व्हावा, त्यावर साक्षीदाराची सही असावी, आप्तास खबर मिळावी, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९६ मध्यें ठरविलें. आणि प्रत्येक ठाण्यांत कॅमेरे असावेत, असा आदेश डिसेंबर २०२० मध्यें दिला. हीं कलमें पाठ करा, आणि आपल्या वाडीवस्तींतील ज्या माणसास वाचतां येत नाहीं, त्यास समजावून सांगा. पौलाला प्रश्न विचारतां आला, कारण त्याला आपला हक्क ठाऊक होता.

वारंगा फाट्यावर नांदेडचा, हिंगोलीचा आणि हदगांव-उमरखेडकडील, असे रस्ते मिळतात. याच वाटांनीं एके काळीं भयभीत माणसें दोन्ही दिशांनीं पळालीं. त्यांतील कांहीं हिंदु होतीं, कांहीं मुसलमान. पुन्हां कोणासही त्या वाटेनें जीव मुठींत घेऊन पळावें लागूं नये, एवढीच कोणत्याही सुरक्षा-कराराची कसोटी आहे. त्या कसोटीस जो उतरेल, तोच करार खरोखर रक्षणार्थ झाला असें म्हणावें.