दोन की तीन?

मुलांनो, वडिलांबरोबर खामगावच्या बाजारात धान्य विकायला कधी गेला आहात? व्यापारी काही अख्खं पोतं ओतून बघत नाही. मूठभर दाणे काढतो, तळहातावर पसरतो आणि भाव सांगतो. पण ती मूठ तो वरवरची घेत नाही, पोत्याच्या पोटातून काढतो. का बरं? अहो, वर चांगले दाणे कुणीही ठेवील!

२०१९ साली आमच्या गावातही अशीच एक मूठ काढली गेली. दिवस सोयाबीन सोंगणीचे. आधी काही माणसं आली, त्यांनी गावाचा नकाशा काढला, घरं मोजली, यादी केली. त्या यादीतून ठरावीक अंतराने बावीस घरं निवडली. मग दुसरी तुकडी आली. त्यात ताया होत्या, त्यांच्याजवळ छोटे संगणक, वजनकाटा आणि उंची मोजायची पट्टी. हे होतं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. पहिलं झालं १९९२-९३ मध्ये. हे पाचवं, २०१९ ते २०२१ या काळात झालेलं. त्याचं काम मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था बघते.

गावातले एक काका म्हणाले, "त्या टोकाच्या झोपडीत कशाला जाता? आमच्याकडे या, पक्कं घर आहे." ताई हसल्या. म्हणाल्या, "काका, यादीत जे घर आहे, तेच." झोपडीला कुलूप होतं, माणसं शेतात गेलेली. ताई संध्याकाळी पुन्हा आल्या, पण शेजारचं घर घेतलं नाही. पोत्याच्या पोटातला दाणा तो हाच!

यादीत आमचंही घर होतं. नळ आहे का, संडास आहे का, स्वयंपाक कशावर करता, असे प्रश्न झाले. माझा चार वर्षांचा पुतण्या उंची मोजायला ऐटीत उभा राहिला, पण रक्ताच्या तपासणीसाठी बोटाला टोचायचं म्हटल्यावर कणगीमागे दडला. शेवटी गुळाच्या खड्यावर तह झाला.

मग ताईंना माझ्या धाकट्या जाऊबाईंशी बोलायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "तिले काय इचारता? लिहा, दोन लेकरं. दोन्ही ठणठणीत." ताई नम्रपणे म्हणाल्या, "आजी, त्यांचं त्यांनाच सांगू द्या." आणि आम्हा सगळ्यांना बाहेर बसवलं.

रात्री भाकरी थापताना जाऊबाई हळूच म्हणाल्या, "ताई, मी तीन सांगितली."

माझा हात थांबला. २०१६ साली त्यांना एक मुलगी झाली होती. नऊ दिवसांची होऊन गेली. बारसंही व्हायचं होतं. त्यानंतर घरात तिचा विषय कुणी काढला नाही. मी शिक्षिका, पण मीसुद्धा नाही. त्या दिवशी एका परक्या बाईने विचारलं, "जन्मलं, पण पुढे राहिलं नाही, असं एखादं बाळ?" आणि जाऊबाई पहिल्यांदा बोलल्या.

तुम्ही म्हणाल, गेलेल्या बाळाची मोजणी कशाला? सांगते. अशा लाखो आयांच्या उत्तरांवरूनच कळतं, की पहिल्या सर्वेक्षणाच्या वेळी आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी ७९ बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच जात. पाचव्या सर्वेक्षणात हा आकडा ३५ वर आला. किती बाळं जातात, कुठं जातात हे कळलं, तरच दवाखाना, नर्स आणि औषध कुठं कमी पडतंय हे कळणार. सगळ्यांनीच "दोन, ठणठणीत" असं सांगितलं असतं, तर?

एक गणित करा. पाचव्या सर्वेक्षणात सुमारे ६ लाख ३७ हजार घरं होती. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २५ कोटी कुटुंबं होती. करा भागाकार! एकेक घर जवळजवळ चारशे घरांच्या वतीने बोललं. म्हणजे एका घरानं खोटं सांगितलं, की चारशे घरांचं चित्र बिघडलं.

अहवालात कुणाचं नाव छापत नाहीत. उत्तर द्यायचं नसेल, तर नाही म्हणायचाही हक्क असतो. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलींनाही प्रश्न विचारतात, पण अठराच्या आत असतील तर आधी पालकांची परवानगी घेतात. तेव्हा उद्या तुमच्या दारी अशा ताई आल्या, तर त्यांना पाणी द्या, आईला निवांत बसू द्या आणि तिच्या वतीने कुणी बोलू लागलं, तर त्यांना अंगणात घेऊन जा!

आमच्या त्या चिमुरडीला नाव नव्हतं. तिचा फोटोही नाही. पण देशाच्या हिशेबात ती आहे, कारण तिची आई खरं बोलली.

या रविवारी एक काम करा. आईला तुमचं लसीचं कार्ड दाखवायला सांगा आणि तुमच्या जन्माची गोष्ट विचारा. मधे बोलू नका, फक्त ऐका. ऐकाल ना?

तुमच्या बाई